सहाच्या सहा

या, असे पुढे सरकून बसा. मागे बसलात तर निम्मी गोष्ट भिंतीच ऐकून घेतील. एका बहिणीची गोष्ट सांगायची आहे. राजा नाही, राणी नाही, चमत्कार तर नाहीच नाही. देवाकडे काय मागावं हेच जिला कळेना, अशा एका साध्या बाईची गोष्ट. मन जरा मऊ करा आणि ऐका.

धाकटीनं चिमट्यानं बशीतला तुकडा उचलला. तांदळाच्या दाण्याएवढा, फिकट, बर्फावर ठेवून गार केलेला. समोर दिव्याखाली उबदार गादीवर उंदीर उताणा निजला होता. नाकाशी भुलीची नळी, चारी पाय चिकटपट्टीनं अलगद धरलेले. डाव्या बरगडीखाली नखाएवढा छेद देऊन तिनं त्याचं जठर बाहेर काढून ओल्या कापडावर ठेवलं होतं. उंदराचं जठर ते केवढं असणार? घेवड्याच्या बीएवढं. त्याच्या भिंतीत सुईच्या टोकानं एक खिसा करायचा, तुकडा खिशात सरकवायचा, एक टाका घालायचा आणि जठर पुन्हा होतं तिथं ठेवून द्यायचं. हात थरथरला की जठर फाटतं. तिचा हात थरथरला नाही.

तुकडा तिच्या दादाच्या पोटातला होता.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम तिच्या मागे उभ्या होत्या. सकाळीच त्यांनी सांगून पाहिलं होतं की आजचं काम दुसरं कुणीतरी करेल, तू घरी जा. त्यावर धाकटी एवढंच म्हणाली होती की माझा टाका सगळ्यांत बारीक बसतो. ती बढाई नव्हती, खरंच होतं. मॅडमनी मग वाद घातला नाही. दिवा जरा खाली ओढून दिला आणि शेवटचा उंदीर शुद्धीवर येईपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

सहा उंदीर होते. जन्मतःच बिनकेसांचे, गुलाबी, सुरकुतलेले, नुकत्याच न्हाऊन आलेल्या म्हाताऱ्यांसारखे दिसणारे. या जातीच्या रक्तात पहारेकरीच नसतात. बाहेरचं काही आत शिरलं तर "कोण रे तू" म्हणून विचारणारं कुणी नसतं. आता बघा, आपलं-परकं हा भेद सुटावा म्हणून माणसं जन्मभर नाम घेतात, तरी बांधावरून भावाशी भांडतातच. या इवल्या जिवांचा तो भेद आईच्या पोटातच सुटलेला असतो. आणि म्हणूनच माणसानं त्यांना या कामाला जुंपलं. माणसाच्या पोटातली गाठ त्यांच्या पोटात लावली, तर ते तिला घालवून देत नाहीत. ठेवून घेतात.

गेली कित्येक वर्षं धाकटीचं काम हेच होतं, उंदरांना पोटाचा कॅन्सर लावायचा. कधी पिण्याच्या पाण्यात विष घालून, कधी बोथट वाकड्या सुईनं घशातून जंतू पोटात सोडून, कधी असा तुकडा शिवून. आजार जसा माणसात वाढतो तसाच तिथं वाढला, तर त्याच्यावर औषधं तपासता येतात. माणसाच्या आधी उंदराला. उंदराला ती शेपटीनं कधी उचलत नसे, दोन्ही हातांची ओंजळ करून उचलायची. नवीन आलेली मुलं हसायची. हसेनात का. ओंजळीत उंदीर घाबरत नाही, आणि न घाबरलेल्या जिवावर टाकाही नीट बसतो.

दादाचं असं झालं. दादा गाडी चालवायला शिकवायचा. अर्ध्या गावाला त्यानं रस्त्यावर आणलं होतं, तेही चांगल्या अर्थानं. एक वर्षभर त्याचं पोट दुखत होतं. विद्यार्थ्यांनी ब्रेक मारून मारून आतडी खाली-वर केली असतील म्हणायचा आणि गोळी चघळत पुढच्या विद्यार्थ्याला घ्यायला जायचा. मग जेवण अर्ध्यावर आलं. मग पट्ट्याला नवीन भोक पडलं. शेवटी वहिनीनं हाताला धरून नेलं. पोटात दुर्बीण घातली, आठवड्यात पोट उघडलं. सर्जननं काढता आलं तेवढं काढलं, बाकीचं होतं तसं ठेवून पोट शिवून टाकलं.

दवाखान्यात उशीला टेकून बसता यायला लागल्यावर त्याचा पहिला प्रश्न धाकटीला होता.

"तू उंदरांना हाच आजार लावतेस ना गं?"

"हो."

"मग काढताही येत असेल."

धाकटी पांघरुणाची घडी नीट करत राहिली. "लावता येतो," ती म्हणाली.

दादा हसला आणि टाके दुखले म्हणून पोट धरून बसला. "म्हणजे गाडी चालू करता येते, थांबवता येत नाही. असले विद्यार्थी माझ्याकडे ढिगानं येतात."

सर्जनची आणि मॅडमची ओळख होती. रोग्यानं होकार दिला तर काढलेल्या गाठीतला एक तुकडा प्रयोगशाळेत यायचा. ऑपरेशनच्या आधी सर्जन दादाजवळ बराच वेळ बसले होते, सगळं समजावून सांगितलं होतं म्हणे. धाकटी तेव्हा तिथं नव्हती. दादानं होकार दिला, हे तिला तुकडा आल्यावरच कळलं.

घरात मात्र बातमी वेगळ्या रूपानं पोचली. आई, वहिनी, शेजारच्या काकू, सगळ्यांनी ती आपापल्या ओंजळीत धरली. दादाची गाठ उंदरांत रुजायला हवी. एकदा रुजली की त्या उंदरांवर एकेक औषध लावून बघता येईल, जे लागू पडेल ते दादाला देता येईल. आपलीच पोर तिथं आहे, आता काळजी कसली? हे खोटं नव्हतं. फक्त त्यातला एक पदर त्यांना कुणी उलगडून दाखवला नव्हता.

तो पदर असा. पुष्कळांच्या गाठी उंदरात रुजतच नाहीत. काही रुजतात, पण महिनोन् महिने घेतात. आणि जी पहिल्याच खेपेला, भराभर, सगळ्या उंदरांत रुजते, ती गाठ बहुतेकदा फार खुनशी असते. तिच्या धन्याकडे वेळ फार थोडा उरलेला असतो. औषध सापडायला लागतो त्याहून थोडा. प्रयोगशाळेत हे झाडूवाल्यालाही ठाऊक होतं. घरात ते एकट्या धाकटीला ठाऊक होतं.

संध्याकाळी ती घरी आली की चपला काढायच्या आत आई विचारायची, "रुजली का?"

"अजून नाही, आई."

आई लगेच हात जोडायची. गुडघे धरलेले असल्यामुळे ती खुर्चीवर बसूनच प्रार्थना करायची. पण आवाज असा, की देव शेजारच्या खोलीत असला तरी त्याला ऐकू जावं. "रुजू दे रे बाबा. माझ्या लेकराचं तेवढं रुजू दे. उशीर लावू नकोस." वहिनी ओट्याशी उभी राहून ओल्या हातांनीच हात जोडायची. दादा कोचावर पडून म्हणायचा, अगं, तो काय बियाणं विकतो का, दुसरं काहीतरी माग. आई त्याला गप्प बस म्हणायची आणि धाकटीला हाताला धरून शेजारी बसवायची. तूही म्हण. तुझे हात त्या कामात आहेत, तुझं तो आधी ऐकेल.

धाकटी डोळे मिटायची. काय म्हणणार? रुजू दे म्हणावं तर भावाचं मरण मागितल्यासारखं. रुजू देऊ नको म्हणावं तर शेजारी बसलेल्या आईच्या शब्दावर पाणी ओतल्यासारखं, शिवाय त्याच्यासाठी उघडलेलं एकमेव दार आपल्याच हातानं लावून घेतल्यासारखं. एका घरातून एकाच कोचाजवळून दोन उलट्या अर्ज्या वर जायच्या, म्हणजे वरच्यानं तरी काय करावं? तिचे ओठ हलत नसत. आई डोळे मिटून असायची म्हणून तिला ते दिसत नसे.

रोज सकाळी अंघोळ करून, टोपी-मुखपट्टी-हातमोजे चढवून ती त्या खोलीत शिरायची. आत ऊब असायची, पंख्याची एकसुरी घरघर, भुश्शाचा वास. एकेक उंदीर ओंजळीत घ्यायचा, मग एका हातावर उताणा धरून दुसऱ्या हाताचं बोट डाव्या बरगडीखाली टेकवायचं. पिकल्या फळावर टेकवावं तितकं हलकं. काही नाही. दुसरा. काही नाही. रोज सहा वेळा तिला सुटल्यासारखं व्हायचं आणि सहा वेळा त्या सुटकेची लाज वाटायची.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी बोटाखाली काहीतरी लागलं.

वाटाण्याच्या सालीखाली वाटाणा लागावा तसं. तिनं बोट उचललं, पुन्हा टेकवलं. उंदीर शांत होता, मिशा हलवत तिच्या मोज्याचा वास घेत होता. तिनं त्याला ठेवला, दुसरा घेतला. त्याच्यातही. तिसरा. सहावा उंदीर तिनं बराच वेळ ओंजळीतच धरून ठेवला. ओंजळीत असेपर्यंत तो तपासायचा राहिलेला होता.

सोनोग्राफीच्या पडद्यावर सगळ्यांनी पाहिलं. सहाच्या सहा. पहिल्याच खेपेला असं त्या प्रयोगशाळेत कधी झालं नव्हतं. असा नमुना मिळायला लोक वर्षं घालवतात. दोन तरुण मुलांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग एकाला आठवलं आणि त्यानं दुसऱ्याच्या पायावर पाय दिला. खोलीत सगळे एकदम आपापल्या कामाला लागले. तिथं काम नव्हतं तेही.

मॅडम तिला बाहेर पायऱ्यांवर घेऊन गेल्या. चहाचे दोन कागदी पेले, आणि दोघींनी एकही घोट घेतला नाही. मॅडमनी हिशेब लपवला नाही. आहे त्या गाठी वाढवायच्या, त्यांचे तुकडे आणखी उंदरांत लावायचे, मग औषधं. कितीही पळालं तरी पाच-सहा महिने. दादाकडे ते आहेत का, हे त्यांनी विचारलं नाही.

"घरी सांगायलाच हवं असं नाही," मॅडम म्हणाल्या. "तुझं तू ठरव. पण तू सांगितलं नाहीस तर मी तुला वाईट म्हणणार नाही."

परतीच्या वाटेवर धाकटीनं ठरवलं, खोटं बोलायचं. नाही रुजली म्हणून सांगायचं. आई रडेल, देवावर रुसेल, चार दिवसांनी पुन्हा हात जोडेल. बिचारीला एका खोट्या दुःखात ठेवू, खऱ्यापेक्षा ते बरं. ती चालता चालता ते दोन शब्द घोळवत राहिली. दार आईनं उघडलं. भिंतीला धरत धरत ती स्वतः दारापर्यंत आली होती. तिनं काही विचारलं नाही, नुसतं लेकीच्या तोंडाकडं पाहिलं. आणि धाकटीच्या तोंडून निघून गेलं,

"रुजली."

आईचा चेहरा असा उजळला, की त्या घरात महिनाभर तसं काही उजळलं नव्हतं. ती दारातच खाली बसली आणि जमिनीला कपाळ लावलं. दुखऱ्या गुडघ्यांनी. वहिनीनं पदर डोळ्यांना लावला. शेजारच्या काकू आवाज ऐकून आल्या, त्यांनाही रडू आलं. ऐकलं त्यानं, ऐकलं, आई म्हणत राहिली. धाकटी तिला उठवायला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

दादा कोचावर पेज खात होता. त्यानं चमचा वाटीत ठेवला.

"सगळ्यांत?"

"सहाच्या सहा."

"बरं," तो म्हणाला. मग आईकडं बघून मोठ्यानं, "बघा, आपला माल कसा आहे तो. एक वाया गेला नाही." सगळे हसले. आई रडता रडता हसली.

पुढच्या रविवारी सकाळी दादाचा फोन आला. खाली मैदानात ये, गाडीत बस, मागे. धाकटी गेली तर चाकावर वहिनी. दोन्ही हातांनी चाक असं धरलेलं, जणू ते कुणीतरी पळवून नेणार आहे. दादा शेजारच्या आसनावर, पाठीशी दोन उशा. इतकी वर्षं त्यानं गावाला शिकवलं पण बायकोला कधी शिकवलं नव्हतं, ती मागायची तेव्हा म्हणायचा, मी आहे ना न्यायला. आज तो गोदामांच्या मागच्या मोकळ्या मैदानात तिला क्लच सोडायला शिकवत होता.

गाडी तीन धक्के खाऊन बंद पडली.

"काही झालं नाही," दादा म्हणाला. आवाज असा मवाळ, की परक्या विद्यार्थ्यांशीही तो क्वचितच तसा बोलत असे. "पुन्हा. पाय हळू. खाली अंडं आहे असं समज."

"अहो, मला नाही जमायचं हे."

"जमतं. या बाईनं तर उंदराच्या पोटावर टाका घातलाय."

दोन फेऱ्या झाल्यावर वहिनी दमली, पाणी प्यायला खाली उतरून नळापर्यंत गेली. गाडीत दोघंच राहिली. दादा समोरच्या काचेतून बायकोकडं बघत होता. ती नळाखाली ओंजळ धरून उभी होती.

"ज्यांची रुजत नाही," त्यानं विचारलं, "ते लोक काय करतात गं?"

धाकटीनं खिडकीची काच खाली केली.

"फिरायला जात असतील. नाही का?"

तिनं पुढच्या आसनाच्या पाठीवर हात ठेवला. दादानं मागे न बघता त्यावर आपला हात ठेवला. हाडंच राहिली होती, पण ऊब होती.

"सर्जननं आधीच सांगितलं होतं मला," तो म्हणाला. "मी म्हटलं, घ्या. रुजली तर कुणाच्या कामाला येईल, नाही रुजली तर माझ्या. दोन्हीकडून फायदा. असा धंदा मी जन्मात केला नव्हता."

"मग आई रोज विचारायची ते तू नुसतं ऐकत का राहायचास? मला एकदा तरी म्हणायचंस."

"तुला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. मला ठाऊक आहे हे तुला कळलं असतं, तर तू त्या दिवशी दारात रुजली म्हणाली नसतीस." त्याला दम लागला होता. "आईला सांगू नकोस हां. तिचं मागणं पुरं झालंय. ते तसंच राहू दे."

वहिनी परत आली. तोंडावर पाणी, पदर खोचलेला. दादानं हात काढून घेतला आणि म्हणाला, चला, आता मागे घेऊन दाखवा. पुढं कुणीही जातं.

दादा उन्हाळा संपायच्या आत गेला. तोवर वहिनी भाजी आणायला गाडीनं जायला लागली होती. औषधं तपासायला सुरुवात झाली ती त्यानंतर. एकानं गाठ थोडी थोपवली, एकानं मुळीच नाही. ते सगळं रीतीप्रमाणं छापून आलं.

गाठ मात्र आहे. एका पिढीचे उंदीर थकायला लागले, वजन उतरायला लागलं, की त्यांना वेदना व्हायच्या आत शांत निजवायचं, आणि तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा पुढच्या सहांत लावायचा. दुसऱ्या गावांतल्या प्रयोगशाळांनीही ती मागून नेली. अजून कधी ती रुजली नाही असं झालेलं नाही. टाका धाकटीच घालते.

आईचे गुडघे आता पार गेले. खुर्ची खिडकीशी ओढली आहे. संध्याकाळी लेक आली की ती जरा थांबते, तिला पाणी पिऊ देते आणि मग हळूच विचारते,

"त्याचं ते आहे ना गं अजून तिथं?"

"आहे, आई."

"जिवंत आहे?"

"हो."

"वाढतंय ना?"

"वाढतंय."

आई समाधानानं मान हलवते. माझ्या लेकराचं तेवढं तरी आहे, म्हणते. आणि हात जोडून, डोळे मिटून ती देवाला सांगते की बाबा रे, त्याला सांभाळ, त्याला कधी मरू देऊ नकोस. मग एका हातानं चाचपडत लेकीचा हात शोधते आणि म्हणते, तूही म्हण.

धाकटी शेजारी बसते. डोळे मिटते.

तेव्हा माणसांनो, आता उठा, आपापल्या घरी जा, उशीर झाला असेल. पण आज हात जोडाल तेव्हा स्वतःचं मागून झालं की त्या धाकटीला एकदा आठवा. तिच्यासाठी जे योग्य वाटेल ते तुम्हीच मागा. तिला स्वतःला अजून सुचलेलं नाही.